ओसाड कोण?

मराठी माणसाला रानफुले पाहायची झाली की तो हल्ली साताऱ्याजवळच्या कास पठारावर जातो. २०१२ साली सह्याद्रीतील काही स्थळांबरोबर कासचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि तेव्हापासून भाद्रपदात तिकडे मोटारींची अशी रीघ लागली, की किती माणसे सोडायची ते ठरवावे लागले आणि शुल्कही बसवावे लागले. कासच्या फुलांबद्दल माझी काहीच तक्रार नाही; ती सुंदरच आहेत. तक्रार आहे ती त्या मोटारींत बसलेल्या मंडळींबद्दल. कारण हीच मंडळी घरी परतली, की दाराशी असलेल्या आपल्या माळाला खुशाल 'ओसाड' म्हणतात.

मी ज्या माळाची बाजू मांडतो आहे, तो इंदापूर तालुक्यातल्या सणसरकडचा. वारकऱ्यांना सणसर सांगायला नको. तुकोबांची पालखी बारामतीहून निघाली, की काटेवाडीवरून येऊन येथे मुक्काम करते. गावाला नीरा डाव्या कालव्याचे पाणी आहे, भवानीनगरचा साखर कारखाना शेजारी आहे, आणि रस्त्याने जाणाऱ्याला दोन्ही अंगांना ऊसच ऊस दिसतो. 'काय मुलूख आहे!' असे म्हणून तो पुढे जातो. पण कालव्याच्या पाण्याची हद्द मागे टाकून उत्तरेला, लाकडी-निंबोडीच्या दिशेने चालत राहा. ऊस संपतो, काळी जमीन संपते, आणि पायाखाली मुरूम करकरू लागतो. पाऊस येथे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. आमचा प्रवासी नेमका येथूनच मागे फिरतो. म्हणतो, 'पुढे काही नाही.'

काही नाही? भाद्रपदात सकाळी आठाच्या सुमारास या वाटेने एकदा चालून पाहा. मात्र मान खाली घालून चालावे लागेल. विष्णुक्रांतीचे निळे फूल करंगळीच्या नखाएवढे. ते सकाळी उमलते आणि उन्हे चढली की मिटते. ओलसर जागी केन्याचा निळा रंग, बांधावर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, कुंपणाच्या काटेरीतून वर आलेली कळलावीची ज्योत, उघड्या मुरमावर सराट्याची पिवळी फुले, आणि या सगळ्यांवर राज्य करणारा तरवड. कासला गालिचा आहे; येथे शोधावे लागते. आयते मिळेल तेवढेच सुंदर, असा आपला नियम असेल, तर दोष माळाकडे नाही.

आपल्या वाडवडिलांना हा माळ चांगला ठाऊक होता. गणपतीला वाहायच्या एकवीस पत्री आठवा. माका, आघाडा, डोरली, विष्णुक्रांत यांपैकी एकही बागेतली नव्हे. ती सारी बांधावरची आणि माळावरची प्रजा. नवरात्रात देशावर घटाला तरवडाच्या फुलांची माळ चढते. आज आपण पत्रीची जुडी बाजारातून पैसे देऊन आणतो, तीत काय आले आणि काय नाही हे विचारीत नाही, आणि दाराला मेक्सिकोहून आलेल्या झेंडूचे तोरण बांधून सण साजरा करतो. झेंडू आता आपलाच झाला, त्याला कोण नाकारतो! पण परक्याला घरात घेताना घरच्याचे नाव तरी विसरू नये.

आणि गवत? पायजम्याला कुसळे चिकटली की आपण चिडतो. त्या कुसळाच्या शेपटीला पीळ असतो. दवाने तो उलगडतो, उन्हाने पुन्हा घट्ट होतो, आणि अशा फिरण्याने बी आपणहून जमिनीत शिरते. नांगर नाही, पाभर नाही, तरी पेरणी होते. अशा जमिनीला कोणी ओसाड म्हणावे?

पण म्हणतात, नुसते म्हणत नाहीत, कागदावर तसे लिहितात. २०१९ साली निघालेल्या सरकारी पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी रान आणि निकृष्ट चराऊ कुरणे 'पडीक' म्हणूनच मोजली आहेत. त्याच वर्षी राज्यात ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प सुटला. झाड लावणे पुण्याचे, हे मलाही मान्य. पण गावच्या ओढ्याकाठी वड लावणे निराळे, आणि मुरमाचा माळ चर खणून फोडायचा व त्यात मध्य अमेरिकेतले गिरिपुष्प कोंबायचे, हे निराळे. उन्हात वाढणारे गवत आणि विष्णुक्रांती सावलीत तग धरीत नाहीत. पाटीवर 'हरितीकरण' लिहिले जाते आणि पाटीखाली फुले मरतात.

गंमत अशी, की याच सरकारला माळाची किंमत कळलेलीही आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकाऱ्यासाठी १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. २०२४ साली इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला वनखात्याने गवताळ रानाची सफर सुरू केली. म्हणजे तिकीट काढून पाहिला तर तो निसर्ग, आणि कुंपणाबाहेर राहिला तर पडीक!

कोणी म्हणेल, हे पोट भरलेल्या माणसाचे चोचले आहेत. कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी नको का? हवे, खचित हवे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहिली, त्यांच्या रानात पाणी येऊ नये असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. त्यांचे शेत त्यांनी भिजवावे. मी बोलतो आहे ते गायरानाबद्दल, सर्वांच्या मालकीच्या माळाबद्दल. आणि त्यावर पोट असणारी माणसेही आहेत. आषाढीच्या वाटेवर काटेवाडीत धनगरांच्या मेंढ्या पालखीच्या रथाभोवती रिंगण धरतात, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, छायाचित्रे काढतो. त्या मेंढ्या उरलेले अकरा महिने काय खातात, हे आपण कधी विचारले आहे काय?

माझे मागणे मोठे नाही. ग्रामसभेत गायरानाचा विषय निघेल, तेव्हा तेथे आधीपासून काय उगवते आहे ते पाहून मगच खड्डे खणावेत. शाळांनी भाद्रपदात मुलांना एक सकाळ माळावर न्यावे आणि दहा फुलांची नावे गावातल्याच एखाद्या मेंढपाळ आजोबांकडून शिकवावीत. आणि वाचकहो, दिवाळीच्या सुटीत बारामती-इंदापूर रस्त्याने जाल, तर सणसरला उतरून थोडे आत चाला. या दिवसांत निळी फुले संपत आली असतील, पण गवत तांबूस-सोनेरी झाले असेल आणि तरवड फुललेला असेल. पाहून झाल्यावर त्याला काय म्हणायचे, ते तुम्हीच ठरवा. न पाहता मात्र 'ओसाड' म्हणू नका.