प्रेक्षक होते, लीग नव्हती

‘बायकांची आइस हॉकी बघायला येणार कोण?’ उत्तर अमेरिकेत हा प्रश्न इतकी वर्षं विचारला गेला, की तो प्रश्न राहिलाच नाही, निकाल झाला. २०१९ मध्ये ‘कॅनेडियन विमेन्स हॉकी लीग’ बारा वर्षं चालून बंद पडली, तेव्हा या निकालावर शिक्का बसला असं पुष्कळांनी मानलं. बाजाराने कौल दिला, आता रडून काय उपयोग, असा त्यांचा सूर.

हा युक्तिवाद मला मुळातच खोटा वाटतो. त्या लीगने पहिली दहा वर्षं खेळाडूंना पगारच दिला नाही. २०१७ पासून जे मानधन सुरू झालं ते हंगामाला दोन ते दहा हजार कॅनेडियन डॉलर. ऑलिम्पिक पदक गळ्यात घालून आलेली मुलगी दिवसा नोकरी करायची आणि संध्याकाळी बर्फावर उतरायची. दुकान धड मांडलंच नाही आणि गिऱ्हाईक आलं नाही म्हणून मालाला नावं ठेवली, असा हा न्याय.

लीग बंद पडल्यावर दोनशेहून अधिक खेळाडूंनी जाहीर केलं, की उपजीविका होईल अशी व्यवस्था होईपर्यंत आम्ही उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही लीगमध्ये खेळणार नाही. खेळाडूचं उमेदीचं वय केवढं असतं हे ज्याला माहीत आहे, त्याला या निर्णयाची किंमत कळेल. म्हणूनच २०२३ मध्ये उद्योगपती मार्क वॉल्टर आणि माजी टेनिसपटू बिली जीन किंग यांनी नव्या लीगला हात दिला, तेव्हा ‘श्रीमंतांची मेहेरबानी’ म्हणून जी हेटाळणी झाली ती मला अजिबात मान्य नाही. पहिला पक पडण्याआधीच सामूहिक करार झाला होता: किमान पगार ३५ हजार अमेरिकी डॉलर, संघाची सरासरी ५५ हजार, आणि प्रत्येक संघात किमान सहा जणींना ८० हजार किंवा जास्त. मेहेरबानीत करार नसतो.

१ जानेवारी २०२४ ला टोरांटोत पहिला सामना झाला आणि न्यूयॉर्कने यजमानांना ४-० ने हरवलं. सहा संघ, प्रत्येकी २४ सामने. संघांना नावंसुद्धा नव्हती, जर्सीवर नुसतं शहराचं नाव. तरी दुसऱ्याच दिवशी ओटावात ८,३१८ लोक आले. ‘नव्याचे नऊ दिवस’ असं तेव्हा म्हटलं गेलं. हा आक्षेप तारखांनीच खोडून काढला आहे. फेब्रुवारीत टोरांटोच्या मोठ्या स्टेडियममध्ये १९,२८५ प्रेक्षक होते, आणि सर्वांत मोठी गर्दी जमली ती २० एप्रिलला, मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्ये: २१,१०५. नऊ दिवस एप्रिलपर्यंत चालत नाहीत.

सगळीकडे असं नव्हतं, हे खरं. न्यूयॉर्कचा संघ तीन राज्यांतल्या तीन रिंकवर फिरत राहिला आणि तिथे खुर्च्या रिकाम्या दिसल्या. आधीच्या दुसऱ्या एका लीगमधल्या खेळाडूंचे करार या नव्या व्यवस्थेत रद्द झाले, काहींची कारकीर्द तिथेच थांबली. हा अन्याय विसरता कामा नये. पण त्यातून लीगच्या व्यवस्थेतल्या चुका सिद्ध होतात, ‘मागणीच नाही’ हे सिद्ध होत नाही.

राहिला खेळाच्या दर्जाचा आक्षेप: टक्कर नाही, म्हणून थरार नाही. मुळात या लीगने आंतरराष्ट्रीय महिला सामन्यांपेक्षा अंगाची झुंज मोकळी ठेवली. शिवाय एक नियम खास स्वतःचा केला. एक खेळाडू दंड भोगत बाहेर बसली असताना तिच्या कमी पडलेल्या संघाने गोल केला, तर तिची तिथल्या तिथे सुटका.

आणि थरार म्हणाल तर मिनेसोटाकडे बघा. साखळीतले शेवटचे पाचही सामने हा संघ हरला. ओटावाला टोरांटोने हरवलं म्हणून बाद फेरीत जेमतेम शिरला. अव्वल संघाला प्रतिस्पर्धी निवडायचा हक्क होता, टोरांटोने याच मिनेसोटाला निवडलं आणि पहिले दोन सामने जिंकलेही. पुढचे तिन्ही मिनेसोटाने घेतले. बॉस्टनविरुद्धच्या अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यात, दुसऱ्या जादा वेळेत, त्यांनी गोल केला, विजेतेपद मिळालं म्हणून हेल्मेटं, हातमोजे हवेत उडाले आणि पंचांनी गोल रद्द केला. थोड्याच वेळात बॉस्टनने गोल करून मालिका बरोबरीत आणली. अशा घावानंतर संघ मोडतात. २९ मे रोजी, बॉस्टनच्याच रिंकवर, मिनेसोटाने पाचवा सामना ३-० ने जिंकून वॉल्टर चषक उचलला. त्यांची कर्णधार केंडल कोइन स्कोफील्ड सुमारे अकरा महिन्यांपूर्वी आई झाली होती. टोरांटोची नॅटली स्पूनरही लहान मुलाची आई, आणि हंगामात सर्वाधिक २० गोल तिचे.

‘स्वतःच्या पायावर उभी राहून दाखवा’ म्हणणाऱ्यांनी पुरुषांच्या एनएचएलचा १९१७-१८ चा पहिला हंगाम आठवावा. मॉन्ट्रियल वाँडरर्सचं रिंक जानेवारीत जळालं, तो संघ लीग सोडून गेला आणि उरलेल्या तीन संघांवर हंगाम पार पडला. त्यावरून ‘पुरुषांची हॉकी चालत नाही’ असा निकाल कुणी दिला नव्हता. महिलांच्या लीगच्या पहिल्या हंगामात साखळीचे ७२ सामने झाले. ते ३,९२,२५९ प्रेक्षकांनी पाहिले.