वाण नवा, बेणे जुनेच

ऊस बी पेरून वाढवत नाहीत, टिपरी लावून वाढवतात. टिपरी म्हणजे जुन्याच उसाचा तुकडा, तेच उसाचे बेणे. म्हणून चांगल्या वाणाचे गुण वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहतात, आणि त्याच वाटेने रोगही पुढच्या लागणीत उतरतात. नवा वाण आला की टनेज वाढते, काही वर्षांनी ते घसरते आणि शेतकरी म्हणतो, ‘वाण उतरला.’ बहुतेक वेळा वाण उतरलेला नसतो, बेणे बिघडलेले असते.

कोइमतूरची ऊस पैदास संस्था 1912 मध्ये सुरू झाली. जाड, गोड ऊस आणि रानटी काशी गवत यांच्या संकरातून तिथे काटक वाण तयार झाले; ‘को 205’ हा त्यातला पहिला. महाराष्ट्रात 1932 पासून पाडेगावच्या केंद्राने त्यांची निवड केली. ‘को 419’ने काही दशके राज्य केले, मग ‘को 740’ आला. 1996 मध्ये ‘नीरा’ या नावाने प्रसारित झालेला ‘को 86032’ तोडणीनंतर फुटणाऱ्या खोडव्यालाही चांगला येत असल्याने आजही शेतात आहे. ‘फुले 265’ टनेजला त्याच्या पुढे आहे आणि चोपण जमिनीतही तग धरतो. पण पक्व व्हायला उशीर लावतो, म्हणून सुरुवातीला कारखाने त्याची नोंद घ्यायला नाखूश होते. शेतकऱ्याला टन हवा असतो, कारखान्याला साखरेचा उतारा. कोणता वाण टिकणार, हे या ओढाताणीत ठरते.

एकाच वाणावर भिस्त ठेवण्याची किंमत उत्तर प्रदेशाने मोजली. ‘को 0238’ने तिथे उत्पादन आणि उतारा दोन्ही वाढवले, पाचपैकी चार हिस्से ऊस त्याचाच झाला, आणि मग लाल कूज रोगाने तो वाण गाठला.

खानदेशचे दुखणे वेगळे आहे. पांझराकाठच्या फड या सामुदायिक सिंचन पद्धतीत ऊस पूर्वापार होता, तेव्हा पीक इथे परके नाही. पण मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित अशा तीन पायऱ्यांनी शुद्ध बेणे गावापर्यंत पोहोचते ते मुख्यतः कारखान्याच्या बेणेमळ्यातून. भाडण्याचा पांझराकान, दहिवदचा शिरपूर असे कारखाने वर्षानुवर्षे बंद राहिले, तेव्हा गाळपाबरोबर ही साखळीही तुटली. मग शेजाऱ्याच्या खोडव्यातली टिपरी लागणीला जाते. तिच्यासोबत काणी आणि गवताळ वाढ हे रोगही येतात.

यावरचा इलाज जळगावकरांनी केळीत पाहिला आहे. उतिसंवर्धित रोपे आणि ठिबक एकत्र आले तेव्हा केळीबागांचे रूप पालटले. उसाचीही अशी रोपे मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तयार करते. बेण्यावरची उष्ण बाष्प प्रक्रियाही नवी नाही. 54 अंशांच्या उष्णतेत रोगाचा बराचसा बंदोबस्त होतो. भोवतालच्या गावांची शेते जळगाव शहरात जात असताना उरलेल्या जमिनीत तरी रोगट टिपरी पुरू नये. चालू कारखान्यांनी आणि कृषी खात्याने गिरणा, पांझरा, तापीकाठी बेणेमळे उभे करावेत. ‘सुरू’ हंगामाच्या उसाची लागण डिसेंबरच्या मध्यापासून होते. त्यासाठी नऊ ते अकरा महिन्यांचे, लागणीच्या उसाचेच बेणे घ्यावे, आणि तीन-चार वर्षांनी ते बदलावे.