मिसरूड फुटण्याआधी ट्रॅक्टरची किल्ली

गळीत हंगाम सुरू झाला की ऊसपट्ट्यातल्या रस्त्यांचे रूपच पालटते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, अंगदच्या गाड्या, बैलगाड्या आणि कारखान्याच्या वजनकाट्यापासून लांबच लांब लागलेली रांग. शेतकरी बंधूंनो, या रांगेत ट्रॉलीतल्या उसाकडे न बघता एकदा स्टेअरिंगवर कोण बसले आहे ते बघा. मधूनच एखादा पोरगा दिसेल. मिसरूड फुटलेले नाही, क्लच पुरता दाबायचा तर सीटच्या कडेला सरकावे लागते, टेप मात्र अशी लावलेली की मागची एस.टी. हॉर्न वाजवून थकते. त्याला वय विचारले तर तो रागावत नाही. उलट अभिमानाने सांगतो, "सातवीपासून चालवतोय, काका."

बाप त्याच्याहून खूश. ड्रायव्हर मिळत नाही, मिळाला तर हंगामाचा आगाऊ पैसा घेऊन मध्येच पळतो, आणि घरचं पोरगं रात्रीची खेप फुकटात करतं. ही अडचण खोटी नाही. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे आणि बँकेचा हप्ता डोक्यावर आहे, त्याला ड्रायव्हरचा पगार जड जातो हे कोणीही कबूल करील. पण या बचतीचा हिशेब आपण अर्धाच मांडतो. उरलेला अर्धा मांडावा, म्हणून हा लेख.

"आम्ही पण असंच शिकलो, आम्हाला काय झालं?" हे उत्तर पारावर हमखास ऐकू येते. आपण शिकलो ते बैलगाडीवर. बाजारहून येताना गाडीवान झोपला तरी बैल त्याला घरी आणून सोडत. ट्रॅक्टरला घर माहीत नसते. शिवाय तेव्हाच्या खडीच्या रस्त्यावर दिवसाकाठी चार वाहने दिसायची. आज त्याच रस्त्याचे डांबरीकरण झाले आहे आणि त्यावरून मोटारी ऐंशीच्या वेगाने जातात. ट्रॅक्टर स्वतः भरतो दोन टनांच्या आसपास. त्याच्यामागे दोन ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन ऊस. हे वजन उतारावर मागून ढकलू लागले म्हणजे काय होते, ते सोळा वर्षांच्या पोराला पहिल्यांदा कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आधी कायद्याचे पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती फक्त पन्नास सी.सी. पर्यंतच्या दुचाकीला. घरोघरी असलेल्या स्कूटी शंभर सी.सी.च्या पुढच्या आहेत, त्यामुळे "बिनगिअरची आहे, चालते" हा समज चुकीचा. दुसरा समज असा, की पाणंद, शिवरस्ता, वाडीचा रस्ता हे काही रस्ते नव्हेत. कायद्याने ज्या वाटेवर लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे ती प्रत्येक वाट सार्वजनिक जागाच धरली जाते. आपल्या बांधाच्या आत पोरगं नांगरट करतं हा वेगळा विषय. बांध ओलांडून ट्रॅक्टर रस्त्याला लागला की परवाना हवा.

२०१९ साली या कायद्यात १९९ अ हे कलम घातले गेले, आणि ते पोरासाठी कमी, बापासाठी जास्त आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे होईपर्यंत परवाना नाही, शिकाऊसुद्धा नाही. बारा महिने नोंदणी रद्द म्हणजे एक अख्खा हंगाम ट्रॅक्टर दारात उभा, आणि बँकेचा हप्ता मात्र चालू. पंचवीसपर्यंत परवाना नाही म्हणजे एस.टी.त किंवा पोलिसांत चालकाच्या जागेसाठी अर्ज करायचीही सोय नाही. "मला माहीत नव्हते" किंवा "मी पुरेशी काळजी घेतली होती" हे सिद्ध करायची जबाबदारी पालकाची. सातवीपासून साऱ्या गावासमोर चालवणाऱ्या पोराच्या बापाने हे कोणत्या तोंडाने सिद्ध करायचे?

खरा घाव याच्याही पुढे आहे. विमा आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. तोही कर्ज फिटेपर्यंतच. कर्ज फिटले की विमा भरायचा राहून जातो, असे किती ट्रॅक्टर आपल्याच गावात आहेत ते आठवा. विमा चालू असला तरी चालकाकडे परवाना नसेल तर काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणातल्या निकालाचा व्यवहारातला अर्थ असा: अपघातग्रस्ताला विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती वाहनमालकाकडून वसूल करावी, असा आदेश होऊ शकतो. २०११ च्या आणखी एका निकालात अल्पवयीन मुलाने मोटारसायकलने अपघात केला होता. मालकाचे म्हणणे होते की पोराने घरातून न सांगता किल्ली नेली. ते चालले नाही. परवाना नसलेल्या मुलाच्या हाती वाहन जाऊ नये ही मालकाचीच जबाबदारी, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे खुंटीला टांगलेल्या किल्लीचाही जाब मालकालाच द्यावा लागतो.

भरपाई हजारांत नसते. कमावता माणूस गेला तर दहा-वीस लाख ही काही मोठी गोष्ट राहिलेली नाही. आणि ही रक्कम भरली नाही तर न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवू शकते. मग वसुली होते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. ही वसुली म्हणजे काय ते तलाठी भाऊसाहेबांना, आता नव्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, सांगायला नको. सातबाऱ्यावर बोजा चढतो. ड्रायव्हरचा पगार वाचवायला गेलेल्या माणसाचे रान त्यात जाऊ शकते.

पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांनी सांगितले. त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला म्हणून साऱ्या महाराष्ट्रात संताप उसळला. गावोगावच्या चहाच्या टपरीवर आपणही म्हणालो, बड्या बापाचं पोरगं आहे, सुटणारच. बरोबरच म्हणालो. पण गावात एखादे पोरगे पोलिसांनी अडवले की पहिला फोन कोणाला जातो? सरपंचाला, नाहीतर पुढाऱ्याला. "आपलाच आहे, सोडून द्या साहेब." मोटार वेगळी असेल, फोन तोच.

कायदा बाजूला ठेवा. अठरा पूर्ण झालेल्या, परवाना काढलेल्या पोरालासुद्धा आपण नीट शिकवतो का? ट्रॅक्टर चालवता येणे आणि भरलेली ट्रॉली रस्त्याने नेता येणे यात फार अंतर आहे. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडले असतात, डाव्या चाकाचे एक आणि उजव्या चाकाचे एक. शेतात तासाच्या टोकाला जागच्या जागी वळता यावे म्हणून ही सोय. रस्त्याला लागण्यापूर्वी दोन्ही पेडले जोडणारी पट्टी लावायची असते. शेतातून घाईत निघालेला पोरगा ती लावायची विसरतो. मग समोर अचानक म्हैस आली, पाय पडला एकाच पेडलवर, आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरून आडवा. ही पट्टी गंजून तुटलेली, किंवा अडचण होते म्हणून काढून टाकलेली, असे ट्रॅक्टर जागोजागी दिसतात. गॅरेजमध्ये ती बसवायला किती वेळ लागतो?

डिझेल वाचते म्हणून उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रल करणे ही दुसरी खोड. पोरगं ती कोणाकडून शिकतं, तर आपल्याकडूनच. ट्रॉलीला ब्रेक नसतात, असले तरी जोडलेले नसतात. उतारावर वजन धरून ठेवते ते इंजिन, आणि आपण तेच सोडून देतो. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचे, आणि गिअर उताराच्या वर असतानाच टाकायचा. मध्येच बदलायला गेले तर पडत नाही. चढावर याच्या उलट. क्लच झटक्यात सोडला की मागच्या ओढीने पुढची चाके उचलतात, आणि ट्रॅक्टर मागे उलटायला लागला तर सावरायला दोन सेकंदही मिळत नाहीत. हल्ली पुढची चाके उचलून दाखवायचे व्हिडिओ काढतात आणि ते बघायला पोरे जमतात. त्या बघ्यांत मोठी माणसेही असतात, याचे जास्त वाईट वाटते.

मडगार्डवर कोणाला बसवू नये हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळेच बसवतात. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावले तर उसाच्या लोंबत्या वाढ्यांखाली ते झाकले जाणार नाहीत एवढे बघावे. रात्री टायर फुटला की आपण ट्रॉलीभोवती मोठे दगड मांडतो. टायर बदलला की ट्रॅक्टर जातो आणि दगड तिथेच राहतात. पहाटे दूध घेऊन निघालेला मोटारसायकलवाला त्यावर आदळतो. तो बहुधा आपल्याच गावचा असतो.

मोटारसायकलचे दुखणे निराळे. तिथे पोराला कामाला नव्हे, कॉलेजला जायचे असते. दहावीपर्यंत शाळा गावात, अकरावी तालुक्याला, आणि एस.टी. सकाळी एक, संध्याकाळी एक. कॉलेज सुटते बाराला आणि गाडी साडेपाचला. मग तिघे मिळून एका मोटारसायकलवर. पोरांना नुसते रागावून हे सुटणार नाही. हेल्मेट घेऊन द्या, ते आरशाला अडकवायला नाही एवढे बजावा. चाळीसचा वेग ऐंशी केला तर थांबायला दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागते, हे मोकळ्या रानात प्रत्यक्ष दाखवा. साठच्या वेगाला गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते; खिशातला मोबाईल काढून बघायला किती सेकंद लागतात ते पोरालाच मोजायला लावा. आणि वस्तीच्या वाटेवरून मोठ्या रस्त्याला लागताना गाडी पूर्ण थांबवून दोन्हीकडे बघायचे. दोन्ही बाजूंना उभा ऊस असतो, त्यामुळे समोरच्याला पोरगा दिसत नाही आणि पोराला तो.

पोराला अठरा पूर्ण झाली की त्याच आठवड्यात शिकाऊ परवान्याला बसवा. परीक्षा आता आधारच्या आधारे घरबसल्या ऑनलाइन देता येते. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तालुक्याला आर.टी.ओ.चे शिबिर असते, त्याची तारीख ग्रामपंचायतीने फळ्यावर लिहिली तर पोरांचा जिल्ह्याचा हेलपाटा वाचेल. एजंटाला पैसे देऊन चाचणीशिवाय परवाना काढणाऱ्या बापाने तो परवाना पोराच्या हाती देण्याऐवजी फ्रेम करून भिंतीला लावावा.

सरपंच, पोलीस पाटील आणि मुख्याध्यापक मंडळी, २ ऑक्टोबरची ग्रामसभा गळिताच्या तोंडावरच येते. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर अठराच्या खालचा चालक बसणार नाही, असा ठराव तिथे घ्या आणि त्याची प्रत कारखान्याच्या शेती विभागाला व पोलीस ठाण्याला द्या. वजनकाट्यावर परवाना बघूनच आत सोडायचे म्हटले तर कारखान्याला ते अवघड नाही. शाळेच्या आवारात विद्यार्थ्याची मोटारसायकल उभी राहू द्यायची नाही, हेही त्याच सभेत ठरू शकते. पण त्यासोबत एस.टी.च्या वेळेचा विषय घेतलाच पाहिजे, नाहीतर पोरे मोटारसायकल शाळेबाहेरच्या झाडाखाली लावतील. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आहे, मुलांना भाड्याच्या एक-तृतीयांशात मिळतो. गाडीच वेळेवर नसेल तर पासाचा उपयोग काय? आगार व्यवस्थापकांना अर्ज करताना कोणत्या वाडीची किती मुले, कोणत्या कॉलेजात, ते किती वाजता भरते आणि किती वाजता सुटते हे सगळे लिहून जोडा. नुसता "जादा गाडी मिळावी" असा अर्ज फायलीला लागतो.