जपानला पाठवा, पण आधी माग विकू नका

गेल्या महिन्यात थोरल्या भाईजानांनी मला निरोप पाठवला की जुम्म्याच्या नमाजनंतर घरी ये, मश्वरा करायचा आहे. गेलो तर सारे घर बसलेले. पुतण्या बारावी सायन्स पास झालेला आणि पुढ्यात एका एजंटाने दिलेला रंगीत कागद. सहा महिने भाषा शिका, जपानला जा, कमवा आणि शिका, असे त्यावर छापलेले. भाईजानांनी चोवीसपैकी बारा माग जागेसकट विकायचे ठरवले होते. गिऱ्हाईकही येऊन पाहून गेले होते.

त्या दिवशी मी जे बोललो तेच येथे मांडतो. कारण हा प्रश्न आज आपल्या अनेक कारखानदार आणि कारागीर घरांत आहे.

प्रथम हे स्पष्ट करतो की मी जपानच्या विरोधात नाही. कापडाच्या धंद्यातला माणूस जपानला नावे ठेवूच शकत नाही. आज मोटारींसाठी जगभर ओळखले जाणारे टोयोटा घराणे मुळात मागवाले. सुताराचा मुलगा असलेल्या साकिची तोयोदा यांनी १९२४ साली असा स्वयंचलित माग तयार केला की चालू मागातच कांडी संपलेला धोटा बदलला जाई आणि ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबे. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. ज्या इंग्लंडने जगाला माग विकले, त्यानेच जपानकडून विद्या विकत घेतली! आजही एअरजेट आणि वॉटरजेट मागांच्या बाजारात टोयोटा आणि त्सुदाकोमा ही नावे पुढे आहेत. नागानो प्रांतातल्या उएदा शहरात शिनशू विद्यापीठाची वस्त्रविद्येची स्वतंत्र शाखा आहे. तिची सुरुवात १९१० साली रेशमाचे शिक्षण देणाऱ्या शाळेतून झाली. आपल्या मुलांनी तेथे शिकावे असे कोणाला वाटणार नाही?

आपले नातेही जुने आहे. १८९३ साली निप्पॉन युसेन कंपनीने मुंबई ते जपान जहाजे सुरू केली ती आपल्याकडचा कापूस नेण्यासाठी. १९३५ साली कोबे शहरात मशीद उभी राहिली, तिच्या वर्गणीत तेथील हिंदी मुस्लिम व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. तेव्हा जपान आपल्याला परके नाही. खरा प्रश्न भाषेचा आहे.

सर सय्यद अहमद खान यांचे नातू सय्यद रॉस मसूद हैदराबाद संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख होते. १९२२ साली ते जपानला गेले आणि तेथील शिक्षणपद्धतीवर त्यांनी ग्रंथ लिहिला. जपानने पश्चिमेची विद्या घेतली, पण ती आपल्या भाषेत आणली, ही गोष्ट त्यांना मोलाची वाटली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता आणि उस्मानिया विद्यापीठात १९१८ पासून उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवलेले होते. पुढे १९४८ नंतर ते बदलले. जपानची भाषा मात्र आपल्या जागी राहिली. आजही तेथील बहुतेक विद्यापीठांत पदवीचे शिक्षण जपानीतच होते. इंग्रजीतून चालणारे काही अभ्यासक्रम आहेत, पण ते मोजकेच. शिवाय कारखान्यात, कचेरीत आणि नोकरीच्या मुलाखतीत शेवटी जपानीच लागते.

येथे मला माझी गोष्ट सांगावी लागते. माझी दहावीपर्यंतची तालीम उर्दूत झाली. हिशोबात मी वर्गात पहिला असे. कॉलेजात गेलो आणि सारे इंग्रजीत सुरू झाले. सर फळ्यावर लिहीत, मी उतरवून घेई, समजत काही नसे. विचारायला उठावे तर प्रश्नही इंग्रजीत मांडता येईना. वर्षभराने कॉलेज सोडले आणि पेढीवर बसलो. घरच्यांनी म्हटले, मुलाचे डोके चालत नाही. डोके चालत होते, भाषा नव्हती. सहा महिन्यांच्या जपानीवर मुलाला परदेशातल्या वर्गात बसवणे म्हणजे माझ्यावर जे गुदरले तेच त्याच्यावर गुदरवणे आहे. फरक एवढाच की मी संध्याकाळी आईजवळ परत येत होतो.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने हिशोब पाहू. जपानच्या राष्ट्रीय विद्यापीठांची ठरलेली वार्षिक फी ५,३५,८०० येन आणि प्रवेशाच्या वेळी एकदाच २,८२,००० येन. काही विद्यापीठे आता यापेक्षा जास्त घेऊ लागली आहेत आणि खाजगी विद्यापीठांची फी आणखी जास्त. येनला साठ पैसे धरले तर राष्ट्रीय विद्यापीठाची वर्षाची फी सव्वातीन लाख रुपयांच्या आत बसते. आपल्याकडच्या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजच्या मानाने ही रक्कम अवाच्या सवा नाही. पण त्याआधी बहुतेकांना तेथील भाषाशाळेत दीड-दोन वर्षे काढावी लागतात आणि तिची फी वर्षाला सात-आठ लाख येन होते. राहण्या-खाण्याला महिन्याला लाखभर येन वेगळे.

एजंट म्हणतो, मुलगा कमावेल. कायद्याने परवानगी घेऊन विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तास काम करता येते. तासाला हजार-अकराशे येन धरले तर महिन्याला सव्वा लाखाच्या आत येन हाती येतात. म्हणजे पोट भरेल, फी भरणार नाही. जास्त तास काम केले तर व्हिसा धोक्यात. रात्री हॉटेलात भांडी घासून सकाळी वर्गात डुलक्या घेणारा मुलगा भाषा केव्हा शिकणार? आणि जाण्यासाठी व्याजी कर्ज काढायचे असेल, तर ज्या इल्मची सुरुवात सूदने होते त्यात बरकत कशी येणार, हेही ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

मग करावे काय? भाषा येथेच शिकावी. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात ती शिकवली जाते. जेएलपीटी या परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत. एन-५ सर्वात सोपी, एन-१ सर्वात अवघड. जपानी माध्यमाच्या विद्यापीठासाठी साधारण एन-२ ची तयारी लागते.

उर्दू किंवा मराठी जाणणाऱ्याला एक सोय आहे. जपानी वाक्यात आपल्यासारखेच क्रियापद शेवटी येते आणि विभक्तीचे शब्द नामाच्या मागून लागतात. 'वाताशी वा होन ओ योमिमासु' म्हणजे 'मी पुस्तक वाचतो', शब्दांचा क्रम तोच. खरा कस लागतो तो लिपीत. दोन अक्षरमाला आणि वर नित्य वापरातली २,१३६ चित्राक्षरे. ज्याने वर्षभर रोज तीन तास ती गिरवली, त्याचा इरादा पक्का समजावा. ज्याला कंटाळा आला, त्याचे आणि घराचे लाखो रुपये वाचले.

जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्तीही आहे. तिच्यात फी माफ, महिन्याला खर्चाची रक्कम आणि पदवीच्या आधी एक वर्ष भाषेची तयारी. निवडले जाणारे थोडेच असतात, पण अर्ज भारतातील जपानी वकिलातीमार्फत होतो, त्याला एजंट लागत नाही. आपली मुले अर्जच करत नाहीत, ही आपली चूक आहे.

पुतण्या म्हणाला, "चाचा, तोवर बरोबरचे निघून जातील." मी म्हटले, "बेटा, जपानचे शैक्षणिक वर्ष दर एप्रिलला सुरू होते. ते कुठे पळून जात नाही. तू एन-३ पास होऊन ये, मग मी स्वतः तुझ्या अब्बांना माग विकायला सांगेन आणि कमी पडले तर कर्जे-हसना माझ्याकडून घे."

भाईजानांनी गिऱ्हाईकाला थांबायला सांगितले. पुतण्या पुण्याला गेला आहे. वर्षाने काय होईल ते अल्लाह जाणे. तोवर बारा माग चालू आहेत आणि त्याच्या क्लासची फी त्यांच्याच कमाईतून जाते. माग वर्षानंतरही विकता येतील. एकदा विकले की परत येत नाहीत. बंधूंनो, मुलाला परदेशी धाडण्याआधी एवढे एक वर्ष त्याला आणि स्वतःला जरूर द्या.