उभ्या गव्हातून सरळ!

ऑनसाइटला इंग्लंडमध्ये गेलात की लंडन आय, मादाम तुसाँ वगैरे होतंच. पण एखाद्या वीकेंडला बूट चढवून खेड्याकडे निघाच. खांबावर पिवळा बाण दिसला की त्याच्यामागे चालू लागायचं. (निळा बाण असेल तर त्या वाटेवर घोडे आणि सायकलीही भेटणार.)

हा बाण तुम्हाला खुशाल कुणाच्या तरी उभ्या गव्हातून नेतो. आणि मालक काठी घेऊन धावून येत नाही! उलट, शेतामधून जाणारी पायवाट नांगरली तर दोन आठवड्यांत ती पुन्हा चालण्याजोगी करून देणं त्याच्यावर बंधनकारक असतं. आपल्याकडे हातभर बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, त्यामुळे हे बघून भलतंच अप्रूप वाटतं.

मध्येच 'किसिंग गेट' लागतं. नावाने हुरळून जाऊ नका. अर्धगोल कठड्यात झुलणारं साधं फाटक ते. माणूस सुटतो, गुरं अडकतात. वळूंचा नियम तर अफलातून आहे. पायवाटेच्या शेतात दहा महिन्यांवरचा दुधाळ जातीचा वळू सोडायला बंदी, पण मांसासाठी पाळलेल्या जातीचा, सोबत गायी असतील तर चालतो. म्हणजे फाटकाशी उभं राहून आधी त्याची जात ओळखायची!

हे सगळं आयतं मिळालेलं नाही बरं का. २४ एप्रिल १९३२ला मँचेस्टरचा वीस वर्षांचा बेनी रोथमन काहीशे पोरापोरींना घेऊन किंडर स्काउटच्या पठारावर मुद्दाम घुसला. ते पठार बड्यांच्या शिकारीसाठी राखीव होतं. पाच जण तुरुंगात गेले. अशा मोकळ्या डोंगरांवर फिरायचा हक्क देणारा कायदा आला तो थेट २०००मध्ये.

त्यातही मेख होतीच. नोंद नसलेल्या जुन्या वाटा १ जानेवारी २०२६पर्यंत नोंदवा, नाहीतर वहिवाट संपली! 'रॅम्बलर्स' संस्थेच्या स्वयंसेवकांनी जुने नकाशे चाळून २०२०मध्ये अशा ४९ हजार मैलांच्या वाटा शोधल्या. इंग्लंडसाठीची मुदत २०२३मध्ये २०३१वर गेली आणि डिसेंबर २०२४मध्ये सरकारने ती रद्दच करणार असल्याचं जाहीर केलं.

जाताना ऑर्डनन्स सर्व्हेचा 'एक्सप्लोरर' नकाशा घ्या, त्यात पायवाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवतात. आणि फाटक उघडं दिसलं तर उघडंच ठेवा, बंद असेल तर मागे लावून घ्या.