विश्लेषण : ‘सेव्ह’ केलेली नोंद वीज गेल्यावर कुठे जाते?

जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले, तो प्रसंग मोठाच. पण महाड-पोलादपूरच्या पावसाळ्यात संगणकातली नोंद घालवायला पूर लागत नाही. वीज क्षणभर गेली तरी पुरते. दोष मग डिस्कला दिला जातो. तो दर वेळी खरा नसतो.

लिनक्समध्ये फाइल सेव्ह केली की मजकूर आधी रॅममध्येच राहतो. खरकटी भांडी साठवून एकदम घासावीत, तशी ही बदललेली ‘डर्टी’ पाने कर्नल सवडीने डिस्कवर उतरवतो. नेहमीच्या मांडणीत ही मुदत सुमारे ३० सेकंदांची. ‘मेमइन्फो’ फाइलमधील ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ हे आकडे पाहिले, की किती मजकूर उतरायचा राहिला ते कळते.

प्रोग्रामने ‘एफसिंक’ ही आज्ञा दिली, तरच तो डिस्कची पोच येईपर्यंत थांबतो. तिथेही मेख होती. लिखाण फसले तर कर्नल चूक एकदाच सांगतो आणि न उतरलेली पानेही स्वच्छ धरतो, हे २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकांच्या ध्यानात आले. दुसऱ्यांदा विचारले की उत्तर ‘सर्व ठीक’! अखेर २०१९ मध्ये त्यांनी अशी चूक येताच डेटाबेस बंद पाडून लॉगवरून पुन्हा उभा करण्याचा मार्ग पत्करला. कठोर, पण योग्यच.

कार्यालयांसाठी सॉफ्टवेअर घेणाऱ्यांनी म्हणूनच विक्रेत्याला आधी एफसिंकबद्दल विचारावे, यूपीएसचे नंतर. चाचणी सोपी आहे. चाचणीच्या संगणकावर ‘नोंद झाली’ असे दिसताच प्लग ओढावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि ती नोंद शोधावी.