ड्रमवरचा इंग्रजी शब्द

तारापूर एमआयडीसीतल्या सुरक्षा अधिकाऱ्यांशी आणि शिफ्ट सुपरवायझरांशी या वेळी थोडे इंग्रजीबद्दल बोलायचे आहे. दिसायला सारखे आणि अर्थाने भलतेच असे शब्द आपल्या लेबलांवर आणि लॉगबुकांत जागोजागी आहेत.

'इन्फ्लेमेबल' घ्या. शाळेत 'इनकरेक्ट', 'इनकम्प्लीट' शिकलेला ऑपरेटर 'इन' म्हणजे नकार असेच धरून चालतो, आणि टोल्युइनचा ड्रम त्याला न पेटणारा वाटतो. त्याची चूक तरी कशी म्हणावी? 'इन्फ्लेम' म्हणजे पेटवणे, त्यामुळे 'इन्फ्लेमेबल' आणि 'फ्लेमेबल' दोन्ही ज्वलनशीलच. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश सेल्सियसच्या आसपास आहे. आपल्याकडच्या ऐन थंडीतही एखादी ठिणगी त्याला पुरते. संयुक्त राष्ट्रांच्या जीएचएस लेबल-पद्धतीत 'फ्लेमेबल' हाच शब्द आहे. १९४८च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३७मध्ये मात्र 'इन्फ्लेमेबल' होता आणि जुन्या पाट्यांवर तो अजून दिसतो. त्या पाट्या उतरवा.

रसायनांची नावे याहून घातक. सोडियम सल्फाइडवर आम्ल पडले की हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि बंदिस्त जागेत माणूस काही क्षणांत कोसळतो. सल्फाइटमधून सल्फर डायऑक्साइड निघतो. सल्फेटमधून यातले काहीच निघत नाही. घाईत लिहिलेल्या इंडेंटवर या तीन नावांत फरक एका-दोन अक्षरांचाच. म्हणून नावापुढे सीएएस क्रमांक हवाच: सल्फाइडचा १३१३-८२-२, सल्फाइटचा ७७५७-८३-७.

आणि सांडपाणी. एकच पाणी कारखान्याच्या गेटवर 'एफ्लुअंट', सीईटीपीच्या तोंडाशी 'इन्फ्लुअंट' आणि प्रक्रिया होऊन नवापूरच्या समुद्राकडे निघाले की पुन्हा 'एफ्लुअंट'. मग लॉगबुकातला नुसता 'एफ्लुअंट सीओडी' नेमका कुठला? या सांडपाण्यापायी इथल्या मच्छीमार समाजाला राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जावे लागले. त्यांच्या समुद्रात काय सोडले जाते तो आकडा तरी आपल्या वहीत निःसंदिग्ध असायला हवा. नमुना कुठून आणि किती वाजता घेतला ते लिहा. 'प्रक्रियेआधी', 'प्रक्रियेनंतर' असे साध्या मराठीत लिहिले तरी चालेल.

आपले निम्मे काम कंत्राटी कामगारांच्या हातून होते आणि त्यांतले बरेच जण उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे आहेत. तेव्हा ज्वालेच्या चित्राखाली 'ज्वलनशील' हा शब्द देवनागरीत ठळक रंगवा. मराठी आणि हिंदी दोघांनाही तो कळतो. येत्या टूलबॉक्स टॉकमध्ये प्रत्येकाला एकेका ड्रमपाशी उभे करा, लेबल वाचायला लावा आणि अर्थ त्याच्याच तोंडून ऐका.